ग्रंथखरेदी आणि ग्रंथनिवड

मार्च महिना जवळ आला की गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत एकच धांदल उडते. अनुदानाचा हप्ता उशिरा हाती पडलेला असतो. वर्ष संपण्यापूर्वी तो खर्ची पडला पाहिजे, पावत्या जोडल्या पाहिजेत, दाखलनोंदीच्या वहीत नवे क्रमांक चढले पाहिजेत. अशा वेळी पुस्तकांचे गठ्ठे घेऊन विक्रेता दारात उभा राहतो. जो अधिक सूट देईल त्याचे गठ्ठे उतरवून घेतले जातात. गठ्ठ्यात काय आहे हे पावती फाटल्यानंतर कळते, आणि कित्येकदा तेव्हाही कळत नाही. केवळ ग्रंथालयांच्या माथी मारण्यासाठीच छापलेली, मोठ्या टाइपाची, भरघोस किमतीची आणि तुटपुंज्या मजकुराची पुस्तके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. या व्यवहाराला ग्रंथखरेदी म्हणता येईल; ग्रंथनिवड म्हणता येणार नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, आणि त्याचे कारण जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. मराठीतच नव्हे, तर भारतीय भाषांत स्त्रीमुक्तीचा पहिला परखड युक्तिवाद ज्या ग्रंथाने मांडला, तो 'स्त्रीपुरुष तुलना' हा ग्रंथ बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लिहिला. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करण्यात आली, आणि त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर वृत्तपत्रांतून चिखलफेक सुरू झाली. 'पुणे वैभव'मधील तसल्या लिखाणाने संतप्त होऊन ताराबाईंनी लेखणी उचलली. १८८२ मध्ये पुण्याच्या शिवाजी छापखान्यातून पुस्तक बाहेर पडले. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

ज्या गावात मुलींची शाळा नव्हती, त्या गावी हे सामर्थ्य आले कोठून? ताराबाईंचे वडील बापूजी हरि शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक विचारांचे होते. त्यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. पण ताराबाईंचा ग्रंथ वाचताना ध्यानात येते ते निराळेच. पुराणांतील देव, राजे आणि ऋषी त्यांना पाठ आहेत, आणि त्या एकेकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात. तत्कालीन कादंबऱ्या-नाटकांतून स्त्रीचे चित्र कसे रंगविले जाते, हे त्यांनी बारकाईने पाहिले आहे. वृत्तपत्रे त्या वाचत होत्या, आणि तीही आपल्या मताची नव्हेत. सुधारकांची स्तुतिस्तोत्रे तेवढी त्यांच्या घरी येत असती, तर हा ग्रंथ जन्मालाच आला नसता. जे पटत नव्हते ते ताराबाईंनी मुळातून वाचले होते, म्हणूनच त्यांचा प्रहार वर्मी बसला.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र ग्रंथ विस्मृतीच्या अंधारात गेला. ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला, तोपर्यंत ९३ वर्षे लोटली होती. या काळात महाराष्ट्रात ग्रंथालये नव्हती असे नाही. ती वाढत होती, त्यांचे शतकमहोत्सवही साजरे होत होते. परंतु कपाटात काय जपून ठेवावे हे ठरविणाऱ्यांना ताराबाईंचा ग्रंथ जपण्याजोगा वाटला नाही. ग्रंथनिवडीची बाब कारकुनी आहे असे समजणाऱ्यांनी या ९३ वर्षांचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता आजच्या स्थितीकडे वळू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. मद्रास प्रांताने १९४८ सालीच ग्रंथालयांसाठी घरपट्टीवर उपकर बसवून स्वतंत्र उत्पन्नाची सोय केली होती. महाराष्ट्राने तो मार्ग पत्करला नाही. येथील ग्रंथालये बहुतांशी स्थानिक संस्था चालवितात आणि शासनाच्या अनुदानावर जगतात. १९७० च्या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. २०१२ नंतर अनुदानवाढीसाठी दहा वर्षे वाट पाहावी लागली. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढ मंजूर झाली. तरीही गावच्या ग्रंथपालाच्या हाती जे पडते त्याला वेतन म्हणणे ही भाषेची थट्टा होईल. तो सकाळी शेतात जातो, संध्याकाळी दोन तास ग्रंथालयाचे कुलूप उघडतो. त्याने नव्या ग्रंथांची परीक्षणे वाचावीत, प्रकाशकांच्या याद्या चाळाव्यात, वाचकांच्या आवडीनिवडी ध्यानात ठेवाव्यात, ही अपेक्षा करणारे शासन त्याला त्यासाठी काय देते? निवड बिघडण्याचे पहिले कारण येथे आहे, ग्रंथपालाच्या आळसात नाही.

दुसरे कारण नियमांच्या रचनेत आहे. ग्रंथालयाचा वर्ग ठरताना ग्रंथसंख्या मोजली जाते. त्यामुळे संख्या वाढविण्याचा मोह होतो आणि जुने, निरुपयोगी, फाटके पुस्तक काढून टाकण्याची छाती होत नाही. वस्तुत: काय ठेवू नये हे ठरविणे हाही निवडीचाच भाग आहे. लोणारचे उदाहरण घ्यावे. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली, आणि पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख आहे असेच अनेक तज्ज्ञ मानीत होते. १९७३ साली अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात पुराव्यानिशी दाखविले की बेसाल्टच्या खडकावर अशनी आदळून ते निर्माण झाले. त्याचे वय आधी सुमारे ५२,००० वर्षे सांगितले जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत मागे नेले. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा साऱ्या देशाची वृत्तपत्रे लोणारकडे धावली. खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया जातीचे सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे तपासणीत आढळले. त्या दिवसांत लोणार, मेहकर वा सुलतानपूरच्या एखाद्या मुलाने 'पाणी असे का झाले?' म्हणून गावच्या ग्रंथालयाचे दार ठोठावले असते, तर त्याच्या हाती काय पडले असते? बहुधा चमत्कारांच्या कथा, लवणासुराचे आख्यान, आणि फार तर जुन्या माहितीची एखादी पुस्तिका. आख्यान असावे, ते या मातीचे आहे. पण त्याच्या शेजारी भूशास्त्राचे एखादे सुबोध पुस्तक, खडकांचे नकाशे, एक बरासा ॲटलास असला पाहिजे. दोन्ही वाचून मूल स्वत: काय ते ठरवील.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांबद्दल येथे दोन शब्द आवश्यक आहेत. आज अनेक ग्रंथालयांचे रूपांतर अभ्यासिकांत झाले आहे, आणि सुशिक्षित टीकाकार त्यावर नाक मुरडतात. ते योग्य नाही. सोयाबीनचा आणि कपाशीचा भाव पडला की पोलीस भरती वा तलाठ्याची परीक्षा हाच ज्याला सुटकेचा मार्ग दिसतो, त्या तरुणाला मार्गदर्शिका नाकारणे हा सुखवस्तूंचा शहाजोगपणा झाला. अमडापूरच्या सदानंद देशमुखांनी 'बारोमास'मध्ये शिकूनही नोकरी न मिळालेल्या शेतकऱ्याच्या मुलाची जी कोंडी रंगविली, ती याच जिल्ह्याची आहे. या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रश्न इतकाच की मार्गदर्शिका दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते. आपली कोंडी का झाली, कापसाचा भाव कोण ठरवितो, पाणी कोठे मुरते, हे त्या तरुणाचे स्वत:चे प्रश्न तिच्यात नसतात. अभ्यासिकेच्या त्याच टेबलावर 'बारोमास'ही असावी.

समाजवादी कार्यकर्त्यांची परीक्षा मात्र पुढेच आहे. ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर आपली माणसे आली की कपाटे आपल्या पुस्तिकांनी भरण्याची हौस त्यांनाही सुटत नाही. नेत्यांची चरित्रे, अधिवेशनांचे वृत्तांत, भाषणांचे संग्रह आपल्याच संस्थेने काढलेले, आपल्याच संस्थेने घेतलेले, आणि आपल्यापैकीही कोणी न उघडलेले! विरोधी विचारांच्या मंडळींनी ग्रंथालये ताब्यात घेऊन हेच केले की त्याचा निषेध करायचा आणि संधी मिळताच स्वत: तेच करायचे, हा दुटप्पीपणा होय. गांधी, आंबेडकर, लोहिया यांच्या शेजारी सावरकरही असले पाहिजेत, आणि मार्क्सच्या शेजारी त्याचे टीकाकार. हे औदार्य म्हणून करावयाचे नाही. ताराबाईंचे उदाहरण वर आलेच आहे.

विविधतेचा विचार करताना सातपुड्याच्या पायथ्याला विसरून चालणार नाही. जळगाव जामोद तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशाच्या भागात निहाली ही भाषा बोलणारी थोडी कुटुंबे राहतात. संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास. जगातील कोणत्याही भाषाकुलाशी या भाषेचे नाते आजवर सिद्ध झालेले नाही. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा जनगणनेच्या कोष्टकांत स्वतंत्रपणे दाखविल्या जात नाहीत, त्यामुळे तेथेही तिला जागा नाही. कायपर या डच विद्वानाने तिच्यावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९६२ साली अ‍ॅमस्टरडॅमला निघाला. म्हणजे त्या वस्तीची भाषा विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोहोचली. त्या वस्तीच्या मुलापर्यंत मात्र आपल्या भाषेतले गोष्टीचे पुस्तक पोहोचल्याचे दिसत नाही. तो शाळेत मराठी शिकतो, बाजारात आणखी एखादी बोली बोलतो, आणि घरची भाषा ही पुस्तकात येण्याजोगी गोष्ट नव्हे असे समजून मोठा होतो. येथे विकत घेण्यासारखे पुस्तकच नाही. ते तयार करावे लागेल: शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी घरोघरच्या वृद्धांकडून गोष्टी, झाडांची आणि पाखरांची नावे मुलांकरवी लिहून घ्यावीत, चित्रे काढून घ्यावीत, सायक्लोस्टाइलच्या काळी होत असे तसे साध्या कागदावर छापून तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावे.

पैशाची सबब सर्वत्र चालेल असे नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशने स्वस्त आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळशी संगणकावर विनामूल्य वाचता येतात. १९६९ साली मंडळाने काढलेले फुल्यांचे समग्र वाङ्मय, शासनाने १९७९ पासून काढलेले डॉ. आंबेडकरांच्या लेखनाचे खंड, नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके, १९७१ पासून निघत असलेले 'किशोर' मासिक, ही सामग्री श्रीमंत ग्रंथालयासाठीच आहे असे नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश आता संगणकावर मुक्त आहे. ग्रंथालयात एक संगणक चालू स्थितीत असला तर वीस खंडांची किंमत वाचते. (चालू स्थितीत असे मुद्दाम म्हटले. अनुदानातून आलेले संगणक कापडाच्या अभ्रात किती वर्षे राहतात, हे सर्वांना ठाऊक आहे.) कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाच्या समान निधी योजनेतूनही ग्रंथ मिळतात.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे सांगितली, त्यांतील दोहोंचा आशय असा की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. गावपातळीवर याचा अर्थ मागणीची वही. ग्रंथालयाच्या टेबलावर एक वही दोरीने बांधून ठेवावी. ज्याला जे वाचावेसे वाटते, ज्या गोष्टीचे कुतूहल आहे, ते त्याने तीत लिहावे. लिहिता न येणाऱ्याचे ग्रंथपालाने लिहून घ्यावे. खरेदीपूर्वी निवड समितीने ती वही मोठ्याने वाचावी, आणि त्या समितीत शिक्षक व वकील यांच्याबरोबर एखादी शेतमजूर बाई, एखादा बारावीचा विद्यार्थी बसलेला असावा. तालुक्यातील शेजारशेजारच्या ग्रंथालयांनी विषय वाटून घ्यावेत: एकाने शेती आणि पाणी, दुसऱ्याने विज्ञान, तिसऱ्याने बालसाहित्य. एकच लोकप्रिय कादंबरी पाच गावांनी विकत घेण्यापेक्षा पाच गावांत पाच पुस्तके फिरावीत. 

हे सारे होण्यासाठी ग्रंथपालाला जगण्यापुरते वेतन आणि ग्रंथालयाला स्वतंत्र उपकराचे उत्पन्न, या मागण्या पक्षाने जिल्हा परिषदेत आणि विधिमंडळात लावून धरल्या पाहिजेत. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. ताराबाईंचे 'स्त्रीपुरुष तुलना' आज बाजारात मिळते, किंमतही फार नाही. बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, देऊळगाव राजा, जेथे जेथे कार्यकर्ते आहेत तेथे त्यांनी या आठवड्यात आपल्या गावच्या ग्रंथालयात जावे, तालिकेत ते नाव शोधावे, आणि असलेच तर त्या प्रतीवर शेवटचा शिक्का कोणत्या साली पडला आहे तेही पाहावे.