जुना जुनो-१०६ की नवा जुनो-एक्स? आधी काय बंद पडेल ते बघा

ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या माझ्या एका मित्राने दोन वर्षं पैसे साठवलेत आणि आता तो अडलाय. रोलँडचा १९८४चा जुनो-१०६ सेकंड-हँड घ्यायचा, की त्याच घराण्यातला २०२२मध्ये आलेला जुनो-एक्स कोरा करकरीत? पैसे एकदाच आहेत, त्यामुळे निवड एकदाच होणार.

‘जुनं म्हणजे स्वस्त’ हा हिशेब इथे लागू होत नाही. अमेरिकेत १,०९५ डॉलरला विकला जाणारा जुनो-१०६ आज चांगल्या अवस्थेत असेल तर त्याहून जास्त किमतीला जातो. (महागाई धरली तर चित्र थोडं सौम्य होतं, पण खिशातून जायचे ते जातातच.) यूट्यूबवर या विषयावर तासन् तास चर्चा आहे, आणि ती जवळजवळ सगळी आवाजाबद्दल आहे. ॲनालॉगचा आवाज ऊबदार, डिजिटलचा कोरडा वगैरे. स्टेजवर ढोलकी, ऑक्टापॅड आणि दोन गायक चालू असताना तो फरक कोणाला कळणार, हा वेगळा मुद्दा. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळाच असतो: यातलं आधी काय मरेल, आणि मेलं तर ते कोण दुरुस्त करू शकेल?

जुनो-१०६ उघडून बघू. त्यात सहा आवाज आहेत, म्हणजे एका वेळी सहा सूर वाजतात. त्याआधीच्या बऱ्याच ॲनालॉग सिंथचा सूर खोली तापली की सरकायचा. जुनोमध्ये लहर ॲनालॉगच तयार होते, पण तिची गती डिजिटल घड्याळ ठरवतं, म्हणून सूर पक्का राहतो. हे काम ८२५३ नावाची टायमर चिप करते. १९८१च्या आयबीएम पीसीमध्ये हीच चिप होती. लाखोंनी बनलेला, अनेक कंपन्यांनी काढलेला हा भाग आहे. तो गेला तर शोधायला त्रास होईल, पण मिळेल.

खरी गोम पुढे आहे. प्रत्येक आवाजाचा फिल्टर आणि ॲम्प्लिफायर मिळून एका छोट्या पट्टीवर बसवलाय. तिचं नाव ८००१७ए, आणि अशा सहा पट्ट्या असतात. रोलँडने त्या काळ्या इपॉक्सीत बुडवून काढल्या होत्या. वर्षानुवर्षांनी त्या लेपातूनच वीज झिरपू लागते. मग एखादा सूर करकरतो, एखादा वाजतच राहतो, एखादा गप्प होतो. ही चिप फक्त रोलँडच्या यंत्रांसाठी बनली होती, बाजारात तिला दुसरा भाऊ नव्हता. तरीही जुनो-१०६ आज जिवंत आहेत, कारण त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सर्किटचा पूर्ण नकाशा होता. लोकांनी तो वाचला, पट्ट्या ॲसिटोनमध्ये भिजवून लेप सोलून काढायची युक्ती शोधली (नेलपॉलिश काढायच्या द्रवात असतं तेच ॲसिटोन), आणि पुढे काहींनी नव्या भागांतून तशाच पट्ट्या बनवून विकायला सुरुवात केली.

दुसरी मरणारी गोष्ट म्हणजे बॅटरी. १२८ आवाजांची मेमरी एका लिथियम बॅटरीवर टिकते. ती संपली की सगळे आवाज पुसले जातात. पण जुनोला कॅसेटवर डेटा ठेवायची सोय होती, त्यामुळे कारखान्यातले मूळ आवाज आज साध्या ऑडिओ फाइलच्या रूपात मिळतात. मोबाइलमधून ती किर्रकिर्र टेपच्या सॉकेटमध्ये सोडली की यंत्र पुन्हा भरतं. मला हे फार आवडतं.

आता जुनो-एक्स. यात लहर सर्किटमध्ये तयार होत नाही, प्रोसेसर ती आकडेमोड करून काढतो. जुनो-६० आणि जुनो-१०६ या दोन्हींची नक्कल त्यात आहे. अंगचे स्पीकर आहेत, ब्लूटूथ आहे, वॉरंटी आहे. ऑर्केस्ट्राच्या टेम्पोमध्ये टाकायला हाच बरा. पण पंधरा वर्षांनी मुख्य बोर्डवरचा प्रोसेसर गेला तर? तो सुटा मिळणार नाही, आणि मिळाला तरी त्यातलं सॉफ्टवेअर कंपनीकडेच असणार. बोर्डच बदलावा लागेल, आणि तो कंपनीकडे शिल्लक असेल तरच. आजच्या बहुतेक कंपन्या सर्किटचे नकाशे बाहेर देत नाहीत.

म्हणून जुनं तेवढं सोनं, असं मात्र नाही. क्लाव्हियाचा नॉर्ड मॉड्युलर जी-२ घ्या. २००४चा जबरदस्त सिंथ, पण त्यात आवाज रचायचे ते कॉम्प्युटरवरच्या एडिटरमधून. मॅकसाठीचा तो एडिटर ३२-बिट होता. ऑक्टोबर २०१९मध्ये ॲपलने मॅकओएस कॅटालिनातून ३२-बिट ॲप्स बंद केली आणि तो त्यावर उघडेनासा झाला. यंत्रात एक स्क्रूही ढिला नव्हता. मालकांनी त्यासाठी विंडोज किंवा एखादा जुना मॅक सांभाळून ठेवला.

याच्या उलट यामाहाचा डीएक्स-७, १९८३चा. त्याचे ३२ आवाज मिडी केबलमधून बाहेर काढले की ४,०९६ बाइटचा डेटा मिळतो, एका आवाजाला १२८ बाइट. यातला कुठला बाइट कशासाठी हे यामाहाने मॅन्युअलमध्येच छापलं होतं. त्यामुळे डेक्स्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्या काळातल्या फाइल आज लॅपटॉपवर जशाच्या तशा उघडतं. आणि पाच पिनांचं तेच मिडी सॉकेट आजच्या सिंथवरही असतं.

कधी कधी नवी आवृत्तीच जास्त मोकळी असते. कॉर्गचा मिनिलोग (२०१६) आणि मिनिलोग एक्सडी (२०१९) यांत जुना स्वस्त पडतो आणि छान वाजतो. तरी मी एक्सडीच घेईन. त्यातल्या डिजिटल ऑसिलेटरसाठी आपण स्वतः सी भाषेत कोड लिहून आत टाकू शकतो, कॉर्गने त्यासाठी एसडीके खुला ठेवलाय.

कायद्याकडून फार आशा ठेवू नका. युरोपियन युनियनने जून २०२४मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला, सदस्य देशांना तो लागू करायची मुदत ३१ जुलै २०२६. यादीत वॉशिंग मशीन, फ्रीज, मोबाइल आहेत, वाद्यं नाहीत. आपल्या केंद्र सरकारच्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवरही शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार गट आहेत. सिंथचा तिथे वेगळा उल्लेख नाही.

जुना सिंथ वापरण्याची परंपरा मात्र याच बाजारातून आलीय. रोलँडचं टीबी-३०३ हे यंत्र १९८४पर्यंत बंद पडलं, सेकंड-हँडमध्ये मातीमोल झालं, आणि त्या स्वस्ताईतूनच शिकागोत ॲसिड हाउस जन्मलं. आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी त्याआधीच, १९८२मध्ये, त्याच यंत्रावर रागांची रेकॉर्ड काढली होती.

परत मित्राकडे. त्याच्या डोळ्यांसमोर जपानमधली एक जाहिरात आहे. जपानी यंत्र १०० व्होल्टचं असतं, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट घातलं तर संपलंच. इथे सहज मिळणारे कन्व्हर्टर बहुधा ११० व्होल्टचे, तेव्हा १००चा ट्रान्सफॉर्मर वेगळा बघावा लागेल. कस्टम ड्युटी नुसत्या किमतीवर लागत नाही, त्यात वाहतूक आणि विमाही धरतात, आणि हे धूड दहा किलोंचं आहे. शिवाय कोकणपट्टीतला पावसाळा: सरकत्या बटणांच्या आत ओल गेली की आवाज खरखरायला लागतो.

तो महिन्याला दहा कार्यक्रम करतो. त्याला मी जुनो-एक्स घे म्हणून सांगितलं. घरी रेकॉर्डिंगच करायचं असतं तर उत्तर जुनो-१०६ असतं, पण दोन अटींवर: सहाही पट्ट्या सोललेल्या किंवा बदललेल्या असाव्यात, आणि विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवावा. की ट्रान्सपोज हे बटण दाबून ठेवून पॉवर चालू केली की यंत्र टेस्ट मोडमध्ये जातं. मग एकेक पट्टी दाबत जायचं. कोणता आवाज वाजतोय तो आकडा डिस्प्लेवर दिसतो, १ ते ६. ‘वेळ नाही, पण एकदम चालू कंडिशन आहे’ असं उत्तर आलं तर पुढची जाहिरात बघायची.