भाग काढा, काम कळेल



विहिरीवरच्या ऑइल इंजिनातला एखादा भाग कशासाठी आहे हे उमगत नसेल, तर जाणता मिस्त्री तो काढून इंजिन चालवून पाहतो. कुठे अडते ते दिसले, की त्या भागाचे काम कळते. रोगजंतूंच्या बाबतीत शास्त्रज्ञही हेच करतात.

हिवतापाचेच पाहा. डास चावला की त्याच्या लाळेतून जंतू आपल्या अंगात येतात, यकृतात वाढतात आणि मग रक्तात उतरून थंडीताप आणतात. या जंतूत ‘ट्रॅप’ नावाचे एक प्रथिन असते. ते १९८८ सालीच माहीत झाले होते. पण त्याचे काम काय?

प्रथिन कसे बनवायचे याचा आराखडा जनुकात असतो. १९९७ साली न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या हिवतापाचा जंतू घेतला आणि परका तुकडा घुसवून त्याचे ट्रॅपचे जनुक निकामी केले. त्या तुकड्याबरोबर एका औषधाला दाद न देण्याचा गुणही जोडला. मग औषध दिले. साधे जंतू मेले, बदललेले तेवढे उरले. तणनाशकाने तण जावे आणि पीक राहावे, तसेच हे.

डासाच्या पोटात हे बदललेले जंतू नेहमीसारखे तयार झाले. पण लाळग्रंथीत शिरेनात. काचेवर साधा जंतू सरपटत जातो, हे पुढे सरकेनात. यकृतात शिरण्याची त्यांची ताकदही फार घटली. म्हणजे ट्रॅप हे जंतूच्या चालीचे प्रथिन ठरले.

याचा आपल्याला उपयोग काय? कीड कोणत्या अवस्थेत दुबळी असते हे कळले, की फवारणी वाया जात नाही. तसेच हे आहे. २००५ साली दुसरे एक जनुक काढलेले जंतू उंदरांना टोचले. ते यकृतात शिरले, पण तिथेच खुंटले. आणि पुढे खरे जंतू टोचले तरी त्या उंदरांना हिवताप झाला नाही. माणसांसाठी अशी लस अजून चाचण्यांतच आहे.

तोवर आपले काम आपणच करायचे. आठवड्यातून एकदा रांजण, टाकी, हौद रिकामे करून घासा व कोरडे ठेवा. रिकामा करता येत नाही अशा हौदात गप्पी मासे सोडा. थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासा, आणि ताप उतरला तरी गोळ्या मध्येच सोडू नका.