फोन उचलणारा माणूस

आज २५ जानेवारी, राष्ट्रीय मतदार दिन. निवडणूक आयोग १९५० साली याच दिवशी स्थापन झाला आणि २०११पासून हा दिवस पाळला जातो. पाचोऱ्यात शाळा-कॉलेजांत मतदानाच्या शपथा होतील आणि चहाच्या टपऱ्यांवर नेहमीचं बोलणं होईल: सगळे सारखेच. असं बोलणारेच मतदानादिवशी रांगेत असतात. लोकनीती-सीएसडीएसच्या पाहण्यांत लोकांचा सर्वांत कमी विश्वास राजकीय पक्षांवर दिसतो, तरीही २०२४च्या विधानसभेला राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झालं.

मतदाराला भोळा म्हणून हात झटकणं सोपं आहे. पाचोरा-भडगावचा मतदार तरी भोळा नाही. किशोर आप्पा पाटील २०१४ आणि २०१९ला एकसंध शिवसेनेतून निवडून आले आणि २०२२च्या जूनमध्ये एकनाथ शिंदेंसोबत गेले. २०२४ला समोर उभ्या होत्या चुलतबहीण वैशालीताई सूर्यवंशी, ठाकरेंच्या शिवसेनेची मशाल घेऊन. माजी आमदार आर. ओ. तात्या पाटलांचा वारसा एकाकडे पुतण्या म्हणून, दुसरीकडे लेक म्हणून. घर फुटलं, पक्ष फुटला, आणि लोकांनी आप्पांना तिसऱ्यांदा निवडून दिलं. या निकालाला कारणं अनेक असतील, पण गद्दारी आणि निष्ठा या शब्दांवर मुंबईत जेवढी भाषणं झाली, तेवढं वजन इथल्या मतदाराने त्यांना दिलेलं दिसत नाही.

तो वेगळं काही तोलतो. ऐन रब्बीत विजेची डीपी जळते, विहिरीत पाणी असून गहू-हरभरा वाळू लागतो. अर्ज टेबलावर पडून राहतो. पुढाऱ्याच्या माणसाचा फोन गेला की ट्रान्सफॉर्मर निघतो. रात्री म्हाताऱ्या आईला जळगावला दवाखान्यात न्यायचं असतं, तिथे खाट कोण मिळवून देणार? मयतीच्या दारावर बसायला कोण आलं, हेही गाव लक्षात ठेवतं. पुढाऱ्याच्या शब्दावर मतदाराचा विश्वास नाहीच. कचेरीवर तर त्याहून कमी आहे. म्हणून तो फोन उचलणाऱ्या माणसाला धरून राहतो. आमच्या मते हा शहाणपणा आहे, नाइलाजातून आलेला.

पण त्याची किंमत जबर आहे. गिरणा नदीवरच्या सात बलून बंधाऱ्यांचं आश्वासन किती निवडणुकांपासून ऐकतोय! लॉकडाऊनमध्ये थांबलेली पाचोरा-जामनेर पीजे रेल्वे तशीच थांबून राहिली. ही कामं एका फोनने होत नाहीत. त्यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षं करावा लागतो, हिशेब मागावा लागतो. ज्याच्यामुळे कालच डीपी बसली, त्याला भर सभेत बंधाऱ्यांबद्दल विचारताना माणसाची जीभ जड होते. उपकाराखाली प्रश्न दबतो.

डीपी हा शेतकऱ्याचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. ती किती दिवसांत बदलणार, अर्ज कुणाच्या टेबलावर आहे, हे तालुक्याच्या प्रत्येक कचेरीबाहेर फळ्यावर लिहिलेलं हवं. आज शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यांनी सुरुवात तिथून करावी. आणि बंधाऱ्यांचं काम नेमकं कुठवर आलं, याचं उत्तर आमदार-खासदारांनी निवडणुकीची वाट न पाहता गिरणाकाठच्या ग्रामसभांत येऊन द्यावं.