वर्णाचा रकाना खोडून टाकू या

चौदा एप्रिलची संध्याकाळ. विहारापासून मिरवणूक निघायला तासभर होता. मी घाईघाईने चपात्या लाटत होते. तेवढ्यात माझी सहा वर्षांची मुलगी पांढरा फ्रॉक घालून, केसांना निळ्या रिबिनी लावून समोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा, मान आणि कोपरापर्यंत दोन्ही हात पांढुरके झाले होते. फळीवरची माझी चेहऱ्याला लावायची ट्यूब तिने पिळून रिकामी केली होती. मी ओरडले तशी ती म्हणाली, "आज फोटो काढणार आहेत ना मम्मी. मी फोटोत काळी दिसते."

रात्री तिच्या गालांची आग व्हायला लागली. सकाळी चेहरा लालभडक. दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी आधी तिला तपासले, मग माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "तुम्ही ही ट्यूब किती वर्षं लावताय?"

मी म्हणाले, आठ वर्षं.

भगिनींनो, मी आशा सेविका आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध घेऊ नका, हे मी घरोघरी जाऊन सांगते. आणि माझ्याच घरात आठ वर्षे एक औषध चिठ्ठीशिवाय येत होते. लग्नासाठी मुलगा पाहायला येणार म्हणून कुणीतरी सुचवले, मेडिकलवाल्याने काही न विचारता दिले. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. लग्न जमले. मग सोडायची हिंमतच झाली नाही, कारण दोन दिवस नाही लावली की चेहरा लाल होऊन आग होई. मला वाटायचे, माझी कातडीच नाजूक आहे. खरे कारण त्या दिवशी कळले.

अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. खोक्यावर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे असतात. काहींत सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइनही असते. ही खरी औषधे आहेत. त्वचेच्या ठराविक आजारात डॉक्टर ती थोड्या दिवसांसाठी, मोजून देतात. पण गोरे होण्यासाठी महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आग होते, पुटकुळ्या येतात, गालावर-हनुवटीवर केस वाढतात. बंद केले की चेहरा पेटतो, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब लावते. हे व्यसनासारखेच आहे. नायट्यावर हीच ट्यूब लावली तर खाज तेवढ्यापुरती थांबते आणि नायटा पसरत जातो. लहान मुलांची कातडी पातळ असल्याने औषध त्यांच्या अंगात जास्त शिरते.

हे फक्त माझ्या घरातले नाही. देशातल्या बारा केंद्रांतील त्वचारोग तज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी केली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, म्हणजे साधारण सातांत एक. पुढे २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती आजही मागितली की मिळतात.

दुसरा धोका पाऱ्याचा. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये, विशेषतः ज्यांच्यावर बनवणाऱ्याचा नीट पत्ता नसतो अशा डब्यांमध्ये, पारा सापडला आहे. पारा कातडीतून अंगात जातो आणि मूत्रपिंडावर घाव घालतो. आपल्या अकोल्यात एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडे अशा क्रीमने बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही डॉक्टरांना असेच रुग्ण आढळले. आईच्या चेहऱ्यावरचा पारा टॉवेलमधून, उशीतून आणि गालाला गाल लावल्यावर लेकरापर्यंतही पोचतो.

पण हा लेख फक्त ट्यूबबद्दल नाही. ट्यूब फेकून देता येते. माझ्या मुलीने "मी काळी दिसते" हे वाक्य कुठून उचलले, हा खरा प्रश्न आहे. शाळेत कुणी चिडवले असेल, टीव्हीवर पाहिले असेल, असे मला आधी वाटले. मग मी स्वतःचेच बोलणे आठवू लागले. "उन्हात खेळू नको, काळी पडशील." "रंग बापाचा घेतलाय हिने." लग्नाचा अल्बम दाखवताना, "बघ, तेव्हा मी किती गोरी दिसत होते." रोज रात्री आरशासमोर ट्यूब लावताना ती शेजारी बसून पाहत असे. मी तिला कधीच "तू वाईट दिसतेस" म्हणाले नव्हते. मी ते स्वतःला रोज म्हणत होते, आणि ती ऐकत होती.

आपल्या वस्त्यांत बाळ जन्मले की म्हाताऱ्या कानाच्या पाळीचा रंग बघून सांगतात, हे पुढे गोरे होईल की सावळे. बाळाला बेसन आणि साय चोळतात. घरात काळू, काळी अशी हाक लाडाने मारतात. गरोदरपणात केशर घातलेले दूध पाजतात. यात कुणाचे मन वाईट नसते, पण शिकवण एकच पोचते: आपण जसे आलो तसे पुरेसे नाही.

आणि मग तो बायोडाटा. आपल्या वधू-वर मेळाव्यातला फॉर्म काढून पाहा. नाव, शिक्षण, उंची, आणि त्याखाली छापलेले असते, "वर्ण". पुढे लिहायचे गोरा, निमगोरा किंवा सावळा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या माणसांनी चातुर्वर्ण्य मानणारा धर्म सोडला. माणूस जन्माने हलका किंवा थोर ठरत नाही, कर्माने ठरतो, ही तथागतांची शिकवण स्वीकारली. आणि त्यांची नातवंडे स्वतःच्या लग्नाच्या कागदावर "वर्ण" हा रकाना भरतात! भिंतीवरच्या कॅलेंडरात बुद्ध आणि बाबासाहेबसुद्धा आपल्याला गुलाबी रंगवलेलेच आवडतात. रंग म्हणजे जात नव्हे, हे मला कळते. आपल्यात गोरे आहेत, सावळे आहेत, काळे आहेत. पण अंगाकडे बघून माणसाची किंमत लावायची सवय त्याच जुन्या घरातून आली आहे.

कुणी म्हणेल, मग बाईने नटायचे नाही का? महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनीच तर बायकांना लुगडे नेसायची पद्धत बदलायला सांगितले होते. होय, सांगितले होते. पण काय बदलायला सांगितले, ते नीट पाहा. लुगड्याची जी पद्धत आणि जे दागिने पाहून "ही अस्पृश्य" असे ओळखले जाई, ती लादलेली खूण त्यांनी टाकायला सांगितली. स्वच्छ राहा, नीटनेटके राहा, मान वर करून चाला, असे त्यांचे म्हणणे होते. अंगाची कातडी सोलून दुसरीसारखी व्हा, असे ते म्हणाले नाहीत. लादलेली खूण टाकणे म्हणजे स्वाभिमान. आपली स्वतःची कातडी लाजेने झाकणे म्हणजे ती खूण पुन्हा मनात गोंदून घेणे. छान साडी नेसा, गजरा माळा, काजळ घाला. आपण आपल्याला आवडतो म्हणून नटणे वेगळे आणि आवडत नाही म्हणून लपणे वेगळे.

हे लपणे फक्त रंगाचे नसते. शाळेत "कुठे राहतोस?" विचारले की आपली पोरे वस्तीचे नाव न घेता "स्टेशनजवळ" सांगतात. आडनाव विचारले की घुटमळतात. बाबुराव बागूलांच्या "जेव्हा मी जात चोरली होती" या कथेला साठ वर्षे उलटली, तरी खोली भाड्याने घेताना आपल्याला अजून काही गोष्टी गिळाव्या लागतात. ज्याला पोटासाठी लपवावे लागते त्याला मी दोष देत नाही. पण तेव्हा घरी येऊन मुलांना इतके तरी सांगू या की लपवावे लागले ते समोरच्याच्या खोटेपणामुळे, आपल्यात काही कमी आहे म्हणून नाही. हे सांगितले नाही तर मूल उलटे समजते. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयांना जी कामे सांगितली, त्यात मुलांच्या मनातला न्यूनगंड काढून टाकणे हे एक होते. तो काढायचा असेल तर आधी आपल्या मनातला काढावा लागेल. मूल आपल्या भाषणातून शिकत नाही, आपण आरशात कसे बघतो त्यातून शिकते.

माझ्या घरी काय केले ते सांगते. मी मुलीजवळ चूक कबूल केली. म्हणाले, "मम्मी घाबरली होती की लोक नावं ठेवतील, म्हणून ते औषध लावत होती. ती चूक होती. तू चांगली आहेस आणि मम्मीपण." आईने पोरीजवळ चूक मान्य केल्याने मान जात नाही. उलट चुकूनही माणूस सावरतो, हे पोरीला कळते. रंग कशाने येतो तेही तिला सांगितले. सगळ्यांच्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी जवळजवळ सारख्याच असतात, कुणाच्या जास्त रंग बनवतात, कुणाच्या कमी, आणि तो रंग उन्हापासून राखण करतो. तिची पणजी उन्हात बांधकामावर पाट्या वाहत होती, तेव्हा याच रंगाने तिला सांभाळले. हे ऐकून ती स्वतःचा हात बराच वेळ बघत बसली.

माझे तोंड मात्र सहज सुधारले नाही. ट्यूब सोडल्यावर दोन महिने आग, सूज, पुटकुळ्या. घराबाहेर पडायची लाज वाटे. तरी तोंड न झाकता भेटी दिल्या. बायका विचारायच्या, मी खरे सांगायचे. त्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या चार जणींनी आपापल्या ट्यूब आणून दाखवल्या.

तुमच्याकडे अशी ट्यूब असेल तर खोका बघा. डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल किंवा वर लिहिलेली नावे दिसली, तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. बरेच महिने लावत असाल तर खोका सोबत घेऊन सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जा. कसे थांबवायचे ते डॉक्टर ठरवतील. मधल्या काळात आग झाली तर थंड पाण्याची ओली घडी ठेवा, पण पुन्हा तीच ट्यूब लावू नका. पत्ता नसलेली क्रीम वापरली असेल आणि पायाला सूज येत असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर लघवीची तपासणी लगेच करून घ्या.

आणि एक मागणी आपल्या मंडळांकडे, मेळावे भरवणाऱ्यांकडे आणि या मासिकाच्या वधू-वर पानाकडेही. येत्या अंकापासून फॉर्ममधला "वर्ण" हा रकाना छापू नका. ज्या आईबापांकडे जुना छापील फॉर्म असेल त्यांनी पेन घेऊन त्या शब्दावर आडवी रेघ मारावी. मुलीला शेजारी बसवून मारावी, म्हणजे तिला दिसेल.

यंदाच्या जयंतीला मुलीने फ्रॉक घालून विचारले, "कशी दिसते?" मी म्हटले, "आरशात बघून तूच सांग." ती म्हणाली, "मस्त." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मम्मी, तू पण सांग ना, तू कशी दिसतेस?"

मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. पण दिले.

जयभीम.