बिल कुणाच्या नावावर?

"तिले कायले पायजे लॅपटॉप? मोबाईल हाये ना तिच्याजवळ."

चिखली तालुक्यातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हे वाक्य एका आईच्याच तोंडून निघालं. मुलीला शेगावला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलासाठी सोयाबीनच्या पैशातून लॅपटॉप आला, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही, हे कबूल करते.

२०२४-२५ पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. चांगलंच झालं. पण घरात त्याचा अर्थ 'पोरगी फुकटात शिकते' असा लागला. एकदा ते फुकट ठरलं की तिच्यावरचा प्रत्येक रुपया जास्तीचा वाटू लागतो. खोलीभाडं, मेस, लॅपटॉप या माफीत बसत नाहीत. आणि मोबाईलवर प्रोजेक्ट लिहिणं म्हणजे चहाच्या बशीत पीठ मळणं! शिवाय मुलीचा मोबाईल घरात कुणीही उचलून तपासतो, हे आपल्याला काय नवीन आहे?

खामगावच्या एका दुकानात मी त्या मायलेकींसोबत गेले. सोबत चुलतभाऊ होता. दुकानदार सगळं त्याच्याशीच बोलत होता. मुलीनं विचारलं, "रॅम नंतर वाढवता येईल का?" उत्तर भावाकडे बघून आलं. तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं.

मैत्रिणींनो, ही माहिती आपल्यालाच असायला हवी, नाहीतर आपण नुसत्या पैसे मोजायला जातो. आधी कॉलेजला विचारायचं, त्या शाखेला कोणतं सॉफ्टवेअर लागतं. डिझाइनच्या मुलीला लागणारं महागडं ग्राफिक्स कार्ड बी.कॉम.च्या मुलीला नको. एरवी सोळा जीबी रॅम उत्तम, आठ असेल तर वाढवायची सोय हवी, आणि ५१२ जीबीची एसएसडी. बिघडला तर कुठे न्यायचा, तेही आधीच विचारावं. वजनही बघा, एसटीच्या गर्दीत तो तिच्याच खांद्यावर असणार. जुना घ्यायचा तर जपून! विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशी यंत्रं कुणी स्वस्तात गळ्यात मारू शकतं. शैक्षणिक कर्ज काढत असाल तर अभ्यासक्रमाला लागणाऱ्या संगणकाची किंमतही त्यात धरता येते. अर्जासोबतच कोटेशन द्यावं.

आमच्या गटानं शेवटी कर्ज दिलं, पण मी एक अट घालायला लावली: बिल मुलीच्या नावावर. यावरून बैठकीत बरंच वाजलं. "घरातलीच वस्तू, नाव कोनाचं का असेना," असं एक वयस्कर बाई म्हणाल्या. याच बाई शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या दिवसांत, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव फिरलेल्या. मी त्यांना त्याची आठवण दिली. त्या म्हणाल्या, "जमिनीची गोष्ट येगळी." वेगळी आहे खरी. सातबाऱ्यावर नाव असूनही शेतात काय पेरायचं हे न विचारलं जाणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत, आणि नुसत्या बिलानंही सगळं होणार नाही. तरीही मी अट सोडली नाही.

दिवाळीत मुलगी घरी आली. भावाचा लॅपटॉप अडकत होता, त्यानं तिचा पासवर्ड मागितला. तिनं सांगितलं, "काम काय ते सांग, मी उघडून देते." तो दोन दिवस रुसला.

पुढच्या बैठकीत तिच्या आईनं हे सगळ्यांसमोर सांगितलं. "देईना मेली!" म्हणाली. ती तक्रार होती की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.