केकताड आणि अँटेकिनस

परवा शेतावर गेलो होतो. बांधावरच्या एका केकताडाला यंदा दांडा आलाय, चांगला पंधरा-वीस फुटांचा. पुस्तकात याला घायपात म्हणतात, मूळचं मेक्सिकोकडचं. वर्षानुवर्षं पानांत साठवलेलं सगळं एकाच फुलोऱ्यात ओतायचं आणि वाळून जायचं, हा त्याचा धर्म.

ते पाहून अँटेकिनस आठवला. ऑस्ट्रेलियातला हा उंदराएवढा प्राणी कांगारूच्या दूरच्या भावकीतला. याचे नर वर्षाचेही होत नाहीत. हिवाळ्यात दोन-तीन आठवडे झोप मोडून माद्यांमागे धावतात. तणावाचं संप्रेरक रक्तात इतकं वाढतं की प्रतिकारशक्तीच ढासळते, आणि पिल्लं जन्मण्याआधी सगळे नर मरून जातात.

दोघंही एकदाच उधळतात. पण केकताड दांडा येण्याआधीच बुंध्याशी फुटवे सोडून ठेवतं. ते गेलं तरी बांध उघडा पडत नाही.

मंडळी, हे लिहायचं कारण घरचंच आहे. नातवाच्या लग्नासाठी दोन एकर विकायचं घाटतंय. "अण्णा, लग्न काय रोज रोज होतं का?" असं मला विचारतात. आपल्या बीडकडे लेकरांच्या लग्नात रिकामा झालेल्या बापाचं फार कौतुक होतं. मला ते पटत नाही. रिकामा झालेला बाप उद्या त्याच लेकरांवर ओझं होतो, हे कुणी बोलत नाही.

मी सही करणार नाही. पेन्शनीतून जमेल तेवढं देईन. दारातच मांडव घालू, पंगतीत मी स्वतः वाढीन. जमीन मात्र फुटव्यासारखी बुंध्याशी राहू द्या.