लॉकडाऊनमधली ‘कॉट बेसिस’वरची मुलं

गेल्या महिन्यात सव्वीस वर्षांचा एक मुलगा तपासणीसाठी आला होता. आयटी कंपनीत नोकरी, प्रकृती ठणठणीत, तक्रार एकच : झोप लागत नाही. रात्रीचे तीन वाजतात, कधी चार. मी सवयीप्रमाणे विचारलं, "कधीपासून?" तो म्हणाला, "सर, लॉकडाऊनपासून."

हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्यावर लिहायलाच हवं असं वाटलं. कोविडबद्दल आपण पुष्कळ बोललो. ऑक्सिजन, रेमडेसिविर, लस, शाळेतली लहान मुलं, घरातले ज्येष्ठ. पण शिकायला घरापासून लांब राहिलेली अठरा ते पंचवीस वयाची मुलं या सगळ्या चर्चेत कुठेच नव्हती. त्यांना आजार सौम्य होतो, म्हणजे त्यांचं बरं चाललं आहे, असं आपण गृहीत धरलं. आपण म्हणजे डॉक्टरसुद्धा. मीसुद्धा.

माझा दवाखाना पुण्यातल्या पेठांच्या भागात आहे. इथे कॉट बेसिसवर राहणारी मुलं-मुली हा माझ्या रुग्णांचा मोठा भाग. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कॉट बेसिस म्हणजे एका खोलीत तीन-चार कॉट, भिंतीत एक कप्पा, आणि शेगडी पेटवायला सक्त मनाई. स्वयंपाक नाही म्हणून दोन वेळ मेस. खोलीत जागा नाही म्हणून दिवसभर अभ्यासिका किंवा कॉलेज. थोडक्यात, ही मुलं खोलीत फक्त झोपतात. जगतात बाहेर.

९ मार्च २०२० ला पुण्यात पहिले रुग्ण सापडले. काही दिवसांत कॉलेजं बंद, अभ्यासिका बंद, होस्टेल रिकामी करा अशा सूचना. बरीच मुलं आठवड्याचे कपडे घेऊन गावी गेली. पुस्तकं, गाद्या, बादल्या खोलीतच. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि जी मागे राहिली त्यांची मेसही बंद झाली. शेगडीला मनाई असलेल्या खोलीत माणसाने खायचं काय? त्या एप्रिलमध्ये मला फोनवर आलेल्या तक्रारी पाहा : आम्लपित्त, बद्धकोष्ठता, चक्कर. मी गोळ्या सांगत होतो. तीन आठवडे बिस्किटं, केळी आणि इलेक्ट्रिक किटलीत केलेली मॅगी यावर काढल्यावर दुसरं काय होणार, हे मला दोन-तीन मुलांनंतर कळलं.

एका मुलीबद्दल जरा सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मराठवाड्यातली, शेवटच्या वर्षाला असलेली. जुलै २०२० मध्ये पुण्यात पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी लागली, तेव्हा रात्री साडेअकराला तिचा फोन आला. छातीत धडधडतंय, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येत आहेत. मला कोविड झालाय का? घरमालकीणबाईंकडे ऑक्सिमीटर होता. आकडा आला ९९.

हे काय होतं? पॅनिक अटॅक. मेंदूला धोका जाणवला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास भराभर होतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. माणसाला वाटतं ऑक्सिजन कमी पडतोय, म्हणून तो आणखी जोरात श्वास घेतो आणि चक्र वाढत जातं. त्रास खरा असतो, नाटक नसतं. बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत तो ओसरतो. पहिल्यांदा असं झालं तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. हृदय, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय हा शिक्का मारायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी तिचा ईसीजी काढला. नॉर्मल. मी म्हणालो, "काही नाही, टेन्शन घेऊ नकोस." ती पुढच्या महिन्याभरात आणखी तीनदा आली. चौथ्या खेपेला मी विचारलं, "दिवसभर बोलतेस कुणाशी?" ती जरा विचार करून म्हणाली, "मेसवाल्या काकू डबा द्यायच्या, त्यांच्याशी बोलायचे. त्या गावी गेल्या." हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. ‘काही नाही’ हे माझं निदान चुकीचं होतं. ईसीजीत काही नव्हतं, एवढंच.

आणि टेन्शन घेऊ नकोस म्हणजे काय? राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार नाहीत म्हणून सांगितलं होतं. ६ जुलैला यूजीसीने त्या घ्याव्याच लागतील म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल लागला : परीक्षेशिवाय पदवी नाही. एमपीएससीवाल्यांचं तर विचारूच नका. एप्रिल २०२० मध्ये व्हायची पूर्वपरीक्षा पुढे ढकलत ढकलत मार्च २०२१ वर आली, आणि तेव्हाही तीन दिवस आधी पुढे ढकलली. मुलं नवी पेठेत रस्त्यावर उतरली, मग ती २१ मार्चला झाली. वर्षभर दर महिन्याला ‘आता होईल’ या तयारीत राहणं शरीराला स्वस्त पडत नाही.

घरी गेलेली मुलं सुटली, असं समजू नका. दोन खोल्यांच्या घरात आजी-आजोबा, भावंडं, आणि नेटवर्कसाठी गच्चीवर किंवा बांधावर बसून लेक्चर. मुलींवर घरकाम आलं, काहींची स्थळं बघायला सुरुवात झाली. शांतता फक्त रात्री मिळायची, म्हणून अनेकांनी दिवस रात्रीकडे सरकवला. आपल्या शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. सकाळी अकराला उठायचं, दिवसभर आत बसायचं, रात्री दोनपर्यंत डोळ्यांसमोर मोबाइल. असं दीड वर्ष चाललं तर मेलाटोनिन उशिरा तयार व्हायला लागतं आणि ते घड्याळ सहजासहजी मागे येत नाही. माझा सव्वीस वर्षांचा रुग्ण हेच सांगत होता.

आता माझं मत. पहिल्या काही महिन्यांचे निर्बंध आवश्यक होते. तेव्हा आम्हालाही या विषाणूबद्दल फार कळत नव्हतं, आणि खाटा वाचवणं गरजेचं होतं. पण २०२० संपेपर्यंत तरुणांना असलेला धोका वृद्धांच्या तुलनेत किती कमी आहे हे स्पष्ट झालं होतं. महाराष्ट्रात ऑगस्टमध्ये मॉल उघडले, ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार, पाडव्याला देवळं. कॉलेजं १५ फेब्रुवारी २०२१ ला, तीही निम्म्या उपस्थितीने, आणि पुण्यात आठवड्याभरात पुन्हा बंद. नीट उघडली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. मॉलच्या बंद एसीत माणसं चालतात आणि खिडक्या उघड्या टाकलेल्या अभ्यासिकेत चालत नाहीत, यामागचं वैद्यकीय कारण मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. मालकांच्या संघटना होत्या, त्यांनी मागणी लावून धरली. कॉटवाल्यांची संघटना नव्हती. (डॉक्टरांच्या संघटना होत्या. आम्हीही याबद्दल बोललो नाही.)

पुन्हा अशी वेळ आली तर मेस अत्यावश्यक सेवेत धरा. दवाखाना आणि किराणा चालू राहू शकतो, तर डबाही चालू राहू शकतो. आणि ज्यांच्या घरी अभ्यासाची सोय नाही, त्यांना होस्टेलमधून काढू नका.

तुमच्या घरात त्या वर्षांत कॉलेजला असलेलं कुणी असेल, तर आज एकदा विचारा. "तेव्हा कसं होतं रे?" एवढंच. लगेच सल्ला देऊ नका, ‘आमच्या वेळी’ तर अजिबात सुरू करू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहतंय, पूर्वी आवडायचं त्यात रस उरलेला नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, असं असेल तर फॅमिली डॉक्टरकडे न्या. जगावंसं वाटत नाही असं बोललं तर त्याच दिवशी न्या. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

त्या मुलाला मी झोपेची गोळी दिली नाही. सकाळी सातला गजर, उठल्यावर अर्धा तास उन्हात चालणं, दुपारनंतर चहा-कॉफी बंद, सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तीच. सुरुवातीचे आठ-दहा दिवस फार जड जातील, हेही सांगितलं. तीन आठवड्यांनी परत बोलावलं आहे.